सव्वा किलोचा शिरा आणि आमचा भीम: कुत्रं असलेल्या घरांसाठी धागा

ओसरी

गेल्या श्रावणातली गोष्ट. घरी सत्यनारायण होता. सासूबाईंनी सव्वा किलो रव्याचा शिरा केला होता, साजूक तूप, केळी आणि हात सैल सोडून घातलेले बेदाणे. ओट्यावर जागा उरली नाही म्हणून पातेलं खाली पाटावर झाकून ठेवलं. भीमला मागच्या बाल्कनीत कोंडलं होतं. आरतीच्या आधी कुणीतरी वाळत घातलेला पंचा आणायला बाल्कनीत गेलं आणि येताना कडी लावायची राहिली.

भीम म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर, साडेतीन वर्षांचा, बत्तीस किलोचा. मंत्रपुष्पांजली संपवून आम्ही आत आलो तेव्हा निम्मं पातेलं रिकामं होतं आणि तो पाटाशेजारी बसून शेपटीने फरशी झाडत होता. सगळ्यांना पहिली काळजी तुपाची. "पोट बिघडेल, रात्रीचं जेवण देऊ नका," एवढ्यावर विषय मिटत होता. तेवढ्यात नणंदेची अकरावीतली मुलगी म्हणाली, "मामी, यात बेदाणे आहेत ना? कुत्र्यांच्या किडन्या जातात त्याने."

मी हे कधी ऐकलंच नव्हतं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वाट बघू नका, अर्ध्या तासात आणा. शेजारच्या काकांनी पूजेच्या कपड्यांतच गाडी काढली. दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात भीमने सगळं ओकून टाकलं. मदतनीस मुलाने वर्तमानपत्रं अंथरली होती. मी आणि नणंद दोघी उकिडव्या बसून आइस्क्रीमच्या काडीने एकेक बेदाणा बाजूला सारत होतो. तुपात फुगून ते द्राक्षाएवढे झाले होते. एकशे बारा मोजले. सासूबाई इरकलीवर, केसांत पूजेचं फूल तसंच, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होत्या. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी दीड वाटी घातले गं. मीच घातले."

दोन दिवस सलाईन, तीन दिवस रोज रक्त तपासणी. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट चांगला आला. त्या संध्याकाळी उरलेला प्रसाद आम्ही वाटला.

तेव्हापासून मला पक्कं वाटतं की कुत्र्यामुळे घरात जे काही घडतं, त्याची सुरुवात आपल्या हातून होते. पातेलं खाली ठेवलं ते आपण, कडी राहिली ती आपली. म्हणून हा धागा. तुमच्याकडे काय घडलं आणि त्यानंतर घरात तुम्ही काय बदललंत, ते लिहा. आनंदाचंही लिहा, कारण त्याशिवाय एवढं कुणी करत नाही.

तिखटमीठ

वाचताना पोटात गोळा आला. आमची राणी लहानपणापासून शिऱ्यातले बेदाणे खात आलीय, आम्हीच भरवलेत. आजपासून बंद. भीमला माझ्याकडून कुरवाळा.

गोठा

मी पशुवैद्य आहे, तालुक्याच्या गावी असतो. ओसरीताई, तुमची भाची हुशार आहे. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांचं वाईट हे की किती खाल्ले म्हणजे धोका, याचा भरवसा नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन हिंडतं, दुसऱ्याच्या किडन्या त्याहून कमीत जातात. नेमकं काय बाधतं ते बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२१ पासून संशय टार्टारिक आम्लावर आहे. सुरुवातीला नुसती उलटी होते, कुत्रं मलूल होतं, आणि लघवी कमी झाली हे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. पहिल्या तास-दोन तासांत आणलं तर पोटातून काढता येतं.

घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करायला जाऊ नका. मिठानेही कुत्रं दगावतं. येताना तीन गोष्टी सांगा: काय खाल्लं, साधारण किती, आणि किती वाजता. पाकीट असेल तर पाकीट घेऊन या.

आणखी एक. लॅब्रॅडॉर हावरट म्हणून लोक त्याला रागावतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित जनुकाचा एक तुकडाच नसतो. पोट भरल्याचा निरोप त्याला नीट पोचत नाही. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, डब्यांना घट्ट झाकणं लावा.

देशावरची

गोठा, तुम्ही घरच्या उपायांचा विषय काढलात म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या ब्राउनीला ताप होता. रविवार, दवाखाने बंद. मिस्टरांनी प्रेमाने माणसाची तापाची अर्धी गोळी गुळात घालून दिली. दुसऱ्या दिवशी तिच्या हिरड्या तपकिरी दिसायला लागल्या. वाचली, पण आठ दिवस आम्ही आळीपाळीने रात्री जागलो. औषधाचा डबा आता लॉफ्टवर असतो.

गोठा

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, काहीही नको. आपल्या डब्यातलं औषध आपल्यासाठी. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. पुष्कळदा लोक अंगाला हात लावून "तापलंय" म्हणतात आणि ते अगदी ठणठणीत असतं.

पायवाट

आमचा प्रसंग दिवाळीचा. नाशिक. शेरू गावठी आहे. पिल्लू असताना पावसात गॅरेजखाली सापडला होता. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दर वर्षी आम्ही त्याला आतल्या खोलीत ठेवतो, पंखा जोरात, टीव्ही जोरात. त्या वर्षी आठ वाजता कुरिअरवाला मिठाई घेऊन आला. दार उघडलं आणि त्याच क्षणी खालच्या मजल्यासमोर सुतळी बॉम्ब फुटला. शेरू बायकोच्या पायांमधून गेला तो जिन्यावरून थेट रस्त्यावर. पट्टा घरात खुंटीला. गळ्यात काही नाही.

रात्री दोनपर्यंत आम्ही चौघं हाका मारत फिरलो. पुढच्या दिवशी फोटो छापून चिकटवले, ग्रुपवर टाकले. लोकांनी दहा ठिकाणं सांगितली, दहाही वेळा दुसरंच कुत्रं. मुलगी तेव्हा दुसरीत होती. ओवाळणीच्या वेळी तिने शेरूचं ताट काढून ठेवलं होतं आणि ते उचलू देईना.

ज्यांनी खरी मदत केली ते सगळे पहाटे उठणारे. दूधवाला, पेपर टाकणारी मुलं, घंटागाडीवरचे दोघं, दोन बंगल्यांचे वॉचमन. मी त्यांना तोंडी सांगितलं, नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला दूधवाल्याचा फोन आला: "दादा, कॅनॉलच्या बाजूला पाइप पडलेत, त्यात एक तांबडं कुत्रं हाय, कान मोडका."

मी धावत गेलो आणि हाक मारली. तो पाइपच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडून पळाला. मला ओळखूनसुद्धा पळाला, आणि ते बघताना काय वाटलं ते लिहिता येत नाही. दूधवाला म्हणाला, "त्याच्याकडं बघू नका. बसा खाली." मी रस्त्याच्या कडेला पाठ करून बसलो. बायको येताना मुलीची पांघरायची गोधडी घेऊन आली, ती शेजारी टाकली. वीसेक मिनिटं गेली असतील. आधी गोधडीवर वजन पडल्यासारखं वाटलं, मग माझ्या काखेखालून ओलं नाक आत आलं. तळपाय सोललेले होते. तो भुंकला नाही, रडला नाही, फक्त थरथरत होता. आम्ही दोघं तिथेच बसून रडलो.

आता दिवाळीचे पाच दिवस गळ्यातला पट्टा काढत नाही, त्यावर नंबर कोरलेला बिल्ला आहे, आणि पाठीत मायक्रोचिपही बसवलीय. संध्याकाळी साडेसहानंतर दार उघडायचं ते आधी आतल्या खोलीचं दार लावून. पाहुण्यांनाही सांगतो, फोन करून या.

आजोळ

पायवाट, हे वाचून आमच्या पूर्ण घराने टॅग मागवला. आत्ताच.

लिफ्टसमोर

मी वेगळ्या बाजूने लिहिते. मला कुत्र्यांची भीती वाटते. मी सात वर्षांची असताना गावी एका पिसाळलेल्या कुत्र्याने पोटरीचा लचका तोडला. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायला लागायची. रोज एक, आणि रोज आई माझे हात धरायची. पोट टणक झालं होतं. आज मी पन्नाशीला आलेय, पण लिफ्टचं दार उघडून आत कुत्रं दिसलं की माझे पाय जागचे हलत नाहीत.

आमच्या सोसायटीत सहा कुत्री आहेत. पाच घरांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सहाव्या घरातले लोक कुत्रं मोकळं सोडतात आणि म्हणतात, "काही करत नाही तो." तुमच्यासाठी तो काही करत नाही हे मला मान्य आहे. माझ्या अंगाला ते समजत नाही. सभेत कुत्र्यांना बंदी घालायचा ठराव आणायचं काही जणांच्या मनात आहे. मला बंदी नकोय, पण दुसरा उपायही सुचत नाही.

ओसरी

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. असा प्रतिसाद या धाग्यावर यायला हवाच होता.

ठरावाचं म्हणाल तर बहुमताने केला तरी तो टिकणारा नाही. प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहे: सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही. पण त्याच सूचनांमध्ये सार्वजनिक जागेत कुत्रं दोरीला बांधून न्यावं, घाण आपण उचलावी हेही आहे. लोक पहिला भाग छापून लावतात आणि दुसरा विसरतात.

आमच्या इमारतीत आम्ही एवढंच केलं: लिफ्टचं दार उघडलं आणि बाहेर कुणी उभं असलं, तर कुत्रं घेऊन असलेला माणूस आधी विचारतो, "येऊ का, की तुम्ही जाता?" दोरी हाताला दोन वेढे घेऊन आखूड. भीमला कोपऱ्याकडे तोंड करून बसायला शिकवलंय. त्याला दोन आठवडे लागले, आम्हाला सवय व्हायला दोन महिने.

गोठा

लिफ्टसमोर, ती पोटातली चौदा इंजेक्शनं २००५ च्या सुमारास आपल्याकडे बंद झाली. हल्ली दंडात देतात: पहिलं त्याच दिवशी, मग त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. चावा खोल असेल तर जखमेच्या आत वेगळं औषधही सोडतात. इंजेक्शनच्याही आधी करायचं ते म्हणजे जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. आणि घरच्या कुत्र्याला रेबीजची लस दर वर्षी. "आमचं बाहेर जात नाही" हे कारण चालत नाही.

शिवारातून

राम राम. आमच्याकडं जुन्नर भागात कुत्रं म्हंजी राखण. कुणी त्याला लिफ्टमधी नेत नाही, पर जीव तेवढाच. उसात बिबट्या असतो. अकोले तालुक्याच्या बाजूला बिबट्याच्या शीचा अभ्यास झालता, त्यात कुत्रंच सगळ्यात जास्ती निघालं. आम्हाला ते अभ्यासाआधी ठाऊक व्हतं.

आमचा वाघ्या ओसरीवर झोपायचा. चार वर्सांमागं पौष महिन्यात रात्री वडिलांना नुसता साखळीचा आवाज आला. भुकणं नाही, काही नाही. बॅटरी मारली तर साखळी खुंट्याला आन् पुढं काही नव्हतं. आम्हीच बांधल्यालं. मोकळा आसता तर पळाला आसता, हे वडिलांच्या मनातून अजून जात नाही. वडील त्या रात्री खुंट्याजवळच बसले.

आता दोन कुत्री हायेत, दोघांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा. धनगराच्या कुत्र्यांना असतो तसला, लोहाराकडून करून घेतला. अंधार पडला की दोघं घरात. आई आधी कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेत नव्हती. आता तीच सांजवात केली की हाक मारती, "यू यू यू, चला रं आत." चंपाषष्ठीला भरीत-रोडगा आधी त्यांच्या म्होरं ठेवती, मग आम्हाला.

तिखटमीठ

दादा, "नुसता साखळीचा आवाज" इथे थांबले. वडिलांना नमस्कार सांगा.

दूरदेशी

म्युनिकमधून लिहितोय. इथे कुत्र्याला कर भरावा लागतो, गळ्यात पालिकेचा बिल्ला असतो. २०२२ पासून नियम आहे की कुत्र्याला दिवसातून निदान दोनदा, मिळून तासभर तरी बाहेर न्यायचं. बर्फ असो नाहीतर उणे दहा. मी पुण्यात वाढलो, थंडीत आठ वाजेपर्यंत पांघरुणात असायचो. आता सहाला बूट घालून दारात असतो आणि मला ते आवडतं.

पण लिहायचं होतं ते मुलाबद्दल. तो सहा वर्षांचा. आम्ही घरी मराठीत बोलतो, तो उत्तर जर्मनमध्ये देतो. शाळा सुरू झाल्यापासून जास्तच. आम्ही ओरडलो, समजावलं, गोष्टी वाचल्या. मग गेल्या वर्षी निवाऱ्यातून मनीषाने (बायको) एक कुत्री आणली, स्पेनमधून आलेली, कुठलीच भाषा न कळणारी. बायकोने ठरवलं, हिला मराठीतच शिकवायचं. नाव ठेवलं टिकली.

"बस." "ये." "खाली." "सोड ते." "शहाणी माझी." टिकलीला आता एवढंच कळतं. मुलाला तिच्याशी खेळायचं तर मराठी बोलावंच लागतं. आधी एकेक शब्द होता. परवा रात्री त्याच्या खोलीबाहेर उभा होतो. आत अंधार, आणि हा तिला सांगत होता, "आज ना शाळेत माझं आणि त्याचं भांडण झालं. तू कुणाला सांगू नको हं." पूर्ण वाक्यं, माझ्या आईच्या लकबीत. मी आत गेलो नाही. बायकोला हाताने खूण करून बोलावलं आणि आम्ही दोघं पॅसेजमध्ये उभे राहून ऐकत राहिलो.

आजोळ

हे आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

देशावरची

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून गोचीड हा विषय घेऊया का? ब्राउनीच्या बोटांच्या बेचक्यांत रोज दोन-तीन सापडतात. सासरे म्हणतात रॉकेल लावा.

गोठा

रॉकेल नको, उदबत्तीचा चटका नको. कातडी जळते आणि गोचीड चिडून आतलं सगळं अंगात सोडते. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिरगाळू नका. कानाच्या आत, बोटांत, शेपटीखाली, पट्ट्याच्या खाली बघा. गोचीड दिसते त्याहून जास्त ती भिंतीच्या फटीत आणि अंथरुणात असते. अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा.

कुत्रं जेवेना, एका जागी पडून राहिलं, हिरड्या फिक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. गोचीड तापात प्लेटलेट झपाट्याने खाली येतात. वेळेत धरला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, पण गोळ्या तीन-चार आठवडे घ्याव्या लागतात. आठ दिवसांत कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक औषध थांबवतात. थांबवू नका.

उंदीर फिरतात तिथलं साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून होणाऱ्या तापाची) लस पावसाआधी घ्या.

जुनं_दार

बरेच दिवस नुसती वाचते आहे. आमचा सोन्या मार्चमध्ये गेला. चौदा वर्षांचा होता. शेवटची दोन वर्षं डोळ्यांनी दिसत नव्हतं. आम्ही घरातली एकही वस्तू हलवली नाही, सोफा नाही, कुंडी नाही. तो भिंतीला खांदा लावून चालायचा, स्वयंपाकघरापासून माझ्या खोलीपर्यंत. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला एक तेलकट पट्टा उमटलाय, एका वळणावर जरा जास्त काळा, कारण तिथे तो थांबून वास घ्यायचा आणि मग वळायचा.

दिवाळीआधी रंगकाम काढलंय. रंगाऱ्याने विचारलं, "ताई, हे घासून घेऊ ना?" मी त्याला म्हटलं, ती भिंत राहू दे.

पायवाट

राहू द्या ताई.

लिफ्टसमोर

ओसरीताई, तुमचा लिफ्टचा मजकूर मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सहाव्या घरातल्या काकू काल दाराशी आल्या, कुत्रं न घेता. म्हणाल्या, "तुम्हाला लहानपणी चावलं होतं हे मला माहीत नव्हतं." आज सकाळी लिफ्ट उघडली, आत त्या होत्या, दोरी हातात, कुत्रं कोपऱ्याकडे तोंड करून. त्यांनी विचारलं, "येता का?" मी म्हटलं, "आज नको, तुम्ही जा." पण मी मागे सरकले नाही, तिथेच उभी राहिले.

तिखटमीठ

गोठा, एक शंका. बेदाण्यात जे आम्ल म्हणताय ते चिंचेतही असतं ना? आमच्या राणीला चिंचगुळाची आमटी कालवलेला भात फार आवडतो. रोज देतो.

गोठा

असतं, आणि भरपूर असतं. चिंच खाऊनही किडनीला इजा झालेली कुत्री आढळली, त्याने त्या आम्लावरचा संशय आणखी बळावला. आमटीभात बंद करा. कांदा-लसणाची फोडणी असेल तर तेही वाईट, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. साधा भात, भाकरी, उकडलेलं चिकन किंवा अंडं, थोडा लाल भोपळा. मीठ-मसाला नको. एकदा रक्त तपासून घ्या, घाबरायचं कारण नाही.

ओसरी

सासूबाईंनी त्या श्रावणात ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता, त्यांच्या अक्षरात. बेदाणे, मनुका, द्राक्षे, चॉकलेट, कांदा, लसूण, बिनसाखरेचं च्युइंगम, आपली औषधे. या वर्षीचा सत्यनारायण पुढच्या आठवड्यात आहे, शिरा केळ्याचा आणि वेलचीचा, पातेलं देवघराच्या फळीवर.

गोठा यांचा प्रतिसाद आत्ता त्यांना वाचून दाखवला. चष्मा लावून, स्टुलावर चढून त्यांनी खाली लिहिलं: चिंच.